गावाची वाट विचारणाऱ्या बाई

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी पहिल्याच भेटीत मला माझं गाव विचारलं, आणि मी फसलो.

परदेशातल्या मराठी माणसाला गाव विचारलं की त्याचं काय होतं, हे वेगळं सांगायला नको. आखातातल्या खलिफा सिटीच्या त्या व्हिलात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. व्हिला म्हणजे बाहेरून थाट. आत मालकाने भिंती घालून चार बिऱ्हाडं कोंबलेली. मी दोन्ही हातांत बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, आणलेल्या पिशव्या घेऊन जिन्यापाशी उभा होतो आणि वरून एक उंच, करड्या केसांच्या बाई उतरत आल्या. पायांचा आवाज अजिबात नाही. दोन पायऱ्या वरच थांबून त्यांनी विचारलं, "मराठी ना? गाव कुठलं?"

वाईच्या पुढे, असं मी सांगितलं.

"कसं जायचं तिथे? नीट सांगा, उद्या मला एकटीला जायचं झालं तर."

झालं. मी पिशव्या खाली ठेवल्या. कात्रजचा बोगदा ओलांडला, शिरवळला चहा पाजला, खंबाटकीचा घाट चढवला, सुरूरच्या फाट्याला उजवीकडे वळवलं. बाई डोळे मिटून, मान किंचित कलती करून ऐकत होत्या. आपल्या वर्णनशैलीने एक बाई तल्लीन झाली आहे असं मला वाटलं आणि मी जास्तच रंगात आलो. मारुतीच्या पारापाशी पोचतो न पोचतो तोच त्यांनी हात वर केला.

"पुरे. छाती उत्तम आहे. पोट कमी करा."

आणि त्या निघून गेल्या. गाव राहिलं पारापाशीच.

बाई वसईच्या, ख्रिस्ती, आणि इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. सगळं आयुष्य अतिदक्षता विभागात गेलेलं. आपल्या कामाचं वर्णन त्या एका वाक्यात करत: "माणसाचा श्वास मागून घ्यायचा, काम होईपर्यंत सांभाळायचा आणि जाताना ज्याचा त्याला परत द्यायचा." हे त्या चहात बिस्किट बुडवताना सांगत. समोरच्याचं बिस्किट तोपर्यंत चहात पडलेलं असे.

भेटेल त्याला त्या गावाची वाट विचारत. मल्याळी असो, पठाण असो, आमचा बंगाली प्लंबर असो. गाव त्यांना कधीच लागत नव्हतं. माणूस वाट सांगताना कुठे थांबतो, वाक्य पुरं करून थांबतो की मध्येच तोडून थांबतो, खांदे वर जातात का, मानेच्या शिरा ओढल्या जातात का, एवढंच त्या ऐकत आणि बघत. कसं वाटतंय विचारलं की माणूस खोटं बोलतो, म्हणत. ठीक आहे म्हणून मोकळा होतो. गावाच्या वाटेवर कोणी खोटं बोलत नाही, आणि गडबडीत संपवतही नाही.

हे सगळं ऐकायला बरं. पण शेजारी म्हणून राहायला मात्र जरा अंगावर यायचं. घरी आल्या की आधी एसी बंद करायला लावत. त्या देशात एसी बंद झाला की जी शांतता पडते ती आपल्याकडच्या शांततेसारखी नसते. भिंतींनी इतका वेळ काहीतरी धरून ठेवलं होतं आणि आत्ता सोडलं, असं वाटतं. मग फ्रीजची घरघर. तीही त्यांना खुपायची. मग नुसते आम्ही, आमचे श्वास, आणि डोळे मिटून बसलेल्या बाई. माझी मुलगी अस्मी तेव्हा लहान होती. ती माझ्या शर्टाला धरून हळूच म्हणायची, "बाबा, शी इज डुइंग इट अगेन."

दार उघडायच्या आधी त्या बाहेरच्या माणसाचं नाव सांगत. जिना चढून आलेल्या प्रत्येकाचा श्वास त्यांना ओळखू येई. एकदा अशाच बसल्या असताना त्या म्हणाल्या, "तुमचा वॉचमन आलाय." दार उघडलं तर वॉचमन. पण तो आत यायला तयार नव्हता. पेशावरकडचा भला म्हातारा माणूस. नंतर त्याने मला कोपऱ्यात घेऊन समजावलं, "साब, हर आदमी का साँस ऊपर से गिन के आता है. ये मॅडम बीच में बैठ के सुनती है. सुनने वाले से दूर रहना चाहिए."

मी हसलो. पण आमच्या शेजारच्या व्हिलातले एक गृहस्थ बकाल्यात दूध घेत असताना बाईंनी त्यांना वाट विचारली होती, आणि ते दोन शब्द बोलून थांबल्यावर त्यांचा दंड धरून, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात चला, असं सांगितलं होतं. ते दंड सोडवून घरी गेले. त्याच आठवड्यात त्यांच्या दारापुढे चपला जमल्या. तेव्हापासून गल्लीतली माणसं बाई आल्या की गप्प होत. बकाल्यातला पोरसवदा मालक तर त्या पैसे देऊन बाहेर पडेपर्यंत श्वासच रोखून धरायचा. गाल फुगलेले, डोळे बाहेर. बाई शांतपणे म्हणायच्या, "सोड रे, हबीबी. निळा पडशील."

लोकांना वाटे, ही ज्याला विचारते तो जातो. जो जायला निघाला आहे तो हिला ऐकू येतो, असा उलटा विचार कोणी करत नव्हतं. खरं सांगायचं तर मीही नव्हतो. जिन्यात त्या दिसल्या की मी पोट आत घेऊन हळूहळू चढायचो.

तर आता अप्पांचं.

अप्पा माझे सासरे. गुहागरकडे त्यांची पिठाची गिरणी. उभं आयुष्य पिठात आणि विडीच्या धुरात गेलं, त्यामुळे छाती जुनी दुखणेकरी. पण गळा खणखणीत. आमच्या घरच्या गणपतीला ते दरवर्षी व्हिजिटवर येत, आणि ते फक्त एका गोष्टीसाठी, असं माझी बायको म्हणते. आरतीत विठ्ठलाची आरती आली की तिच्यातला एक सूर लांबवायची पद्धत आहे. पुरुष मंडळी तिथे भक्ती विसरून दम दाखवतात. आमच्याकडे ही लढत अप्पा विरुद्ध माझे साडू अशी असे. साडू दुबईत इंजिनियर. नवं यंत्र निघालं की आधी त्यांच्याकडे. अप्पांनी त्यांना कधी जिंकू दिलं नव्हतं.

त्या वर्षी बाई आरतीला आमच्याकडे होत्या. दरवर्षी यायच्या, मागे उभ्या राहायच्या, प्रसादाचा मोदक तुपाशिवाय खायच्या. बाहेर दोन दिवस धुळीचं वादळ होतं. खिडक्यांबाहेर सगळं पिवळट, समोरचा व्हिला दिसेना. भर दुपारी दिवे लावून आम्ही आरतीला उभे राहिलो. तो सूर आला. सगळ्यांनी धरला, एकेक जण गळत गेला. आणि सगळ्यांत आधी गळले अप्पा.

साडूंनी पार टोकाला नेऊन सूर सोडला, घाम पुसला आणि म्हणाले, "काय अप्पा, गिरणीचा पट्टा तुटला वाटतं?"

सगळे हसले. अप्पाही हसले, पण तोंड मिटून. बाई हसल्या नाहीत. पाटाशी जाऊन त्यांनी अप्पांना त्यांच्या गावाची वाट विचारली. अप्पांनी चिपळूणला उतरवलं, गुहागरची गाडी धरून दिली, मार्गताम्हाण्यापाशी एकदा दम घेतला, आणि विहिरीवरच्या फणसापर्यंत नेऊन पोचवलं. बाई बायकोला म्हणाल्या, धुळीत बाहेर काढू नका, पंप वेळेवर द्या, आणि आवाज बदलला तर मला लगेच सांगा. मग त्या ड्युटीवर गेल्या.

रात्रभर अप्पांची छाती वाजली. सकाळी साडू अपराधी चेहऱ्याने हजर, सोबत ओळखीच्यांकडून आणलेलं ऑक्सिजनचं मशीन. आमच्याकडे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा होताच. आकडा जरा कमी होता. साडूंनी नळी लावली, बटण फिरवलं. आकडा वर चढला. आणखी फिरवलं, आणखी चढला. इंजिनियर माणूस, पूर्ण फिरवल्याशिवाय त्याला चैन पडेना. आकडा शंभराला टेकला आणि आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं.

आणि खरोखर, दुपारपर्यंत घरात शांतता झाली. छातीची शिट्टी थांबली. अप्पांच्या गालांवर लाली आली. हात धरला तर ऊबदार. चेहऱ्यावर असं हसू की इतक्या वर्षांत मी त्या गृहस्थांना इतकं प्रसन्न पाहिलं नव्हतं. बायकोने खोलीचा पडदा ओढला, टीव्ही बंद केला, आणि आम्ही चवड्यांवर चालू लागलो. अस्मी तेवढी दारात बसून होती. ती आत येऊन म्हणाली, "अप्पा इज वेव्हिंग बाय-बाय. इन हिज स्लीप."

मी म्हणालो, स्वप्न पडलं असेल.

तेवढ्यात बेल वाजली. बाई ड्युटीवरून परस्पर आमच्या दारात आल्या होत्या. मी कौतुकाने सांगितलं की आता काळजी नाही, खलास, आकडा शंभर आहे, शांत झोपलेत.

"आवाज कधी थांबला?" त्यांनी विचारलं.

कुणालाच सांगता येईना. आवाज सुरू झाल्याची वेळ माणूस लक्षात ठेवतो. थांबल्याची कोण ठेवतो?

त्यांनी पडदा ओढून काढला. पिवळ्या धुळकट उजेडाची तिरीप अप्पांच्या तोंडावर पडली तरी पापणी हलली नाही. बाईंनी खांदा हलवून हाक मारली, पुन्हा मारली. अप्पांनी डोळे अर्धे उघडले.

"अप्पा, एसटीला हात करतो तसे दोन्ही हात पुढे करा. गाडी थांबवा."

अप्पांनी आज्ञाधारक मुलासारखे हात पुढे केले, पंजे उभे. आणि ते पंजे मनगटातून एकाएकी खाली पडले, वर आले, पुन्हा पडले. बसलेल्या पाखराने पंख झटकावेत तसे. अस्मीने पाहिलेला निरोप तो हाच.

"गावाला कसं जायचं अप्पा?"

"चिपळूण," अप्पा म्हणाले. श्वास. "उतरायचं." श्वास. मग खूप वेळ काहीच नाही. मग हसून, "गिरणीत नाना बसलाय. त्याला विचारा. तो नेईल."

माझ्या बायकोने भिंतीला हात लावला. नाना म्हणजे अप्पांचा थोरला भाऊ. ती शाळेत असताना गेला होता.

बाईंनी मला अँब्युलन्स बोलवायला सांगितलं. साडू गडबडीने मशीन बंद करायला धावले, तर त्यांचा हात त्यांनी तिथेच धरला. "बंद नाही. कमी. एकदम काढलंत तर पेशंट जातो." आकडा पाहात त्यांनी बटण स्वतः खाली आणलं, अप्पांना उशा लावून बसतं केलं आणि त्यांच्याशी मोठ्याने बोलत राहिल्या. झोपू द्यायचं नाही. अँब्युलन्स येईपर्यंत त्या बाईंनी अप्पांना गिरणीचं जातं, पट्टा, दळणाचे डबे, सगळं विचारून घेतलं. नानाचं नाव आलं की विषय बदलायच्या. दाराबाहेर कोणी त्यांना न्यायला उभं आहे आणि बाई त्यांना बोलण्यात गुंतवून ठेवताहेत, असं ते दिसत होतं. मी दाराकडे दोनदा पाहिलं, हे कबूल करतो.

हॉस्पिटलात मनगटाच्या धमनीतून रक्त घेतलं. थोड्याच वेळात निकाल आला आणि तिथला तरुण डॉक्टर अप्पांकडे धावला. तोंडावर घट्ट मास्क, त्यातून दाबाने ढकललेली हवा. आम्ही बाहेर बसलो. साडू मान खाली घालून म्हणाले, "पण मॅडम, ऑक्सिजन तर फुल होता."

"आत भरपूर जात होता," बाई म्हणाल्या. "बाहेर टाकायची ताकद संपली होती. आतली घाण हवा साठली की माणूस भांग प्यायल्यासारखा होतो. लाल होतो, गरम होतो, हसतो, झोपतो. तो चिमटा फक्त आत काय गेलं ते सांगतो. बाहेर काय पडलं नाही, ते रक्तच सांगतं." मग साडूंकडे वळून, "आणि शिट्टी वाजायलाही हवा लागते. हवा जायची थांबली, म्हणून वाजायची थांबली."

तेव्हाच त्यांनी ते सांगितलं, भिंतीकडे बघत. फार वर्षांपूर्वी, नव्या नव्या डॉक्टर असताना, वॉर्डात दम्याची एक तरुण बाई होती. दिवसभर तिच्या छातीच्या आवाजाने कोणाला बसवेना. संध्याकाळी ती गप्प झाली. सगळ्यांना बरं वाटलं.

"झोप लागावी म्हणून तिच्या खाटेचा पडदा मी ओढला," बाई म्हणाल्या. "माझ्या हाताने."

माझी बायको आपल्या हातांकडे बघत बसली होती.

दुसऱ्या दिवशी अप्पांची नजर जागेवर आली. मास्क बाजूला केल्यावर त्यांनी पहिलं वाक्य साडूंना ऐकवलं, "पट्टा तुटला नव्हता. सरकला होता." आणि मग बाईंना बोलावून, न विचारता, फणसापर्यंत वाट सांगितली. तीन ठिकाणी थांबत, पण सांगितली.

पुढे दोनेक वर्षांनी बाई निवृत्त होऊन वसईला गेल्या. जाताना गल्ली रिकामी होती. निरोपाला आम्ही आणि बकाल्यातला तो पोरगा. त्याने श्वास रोखला नाही, मोठ्याने रडला. मला त्या म्हणाल्या, "तुला बोलायची हौस फार. आता जरा ऐकायची लाव."

ती लागली. ऑफिसात कोणी नवा आला की मी गाव विचारतो. बायको म्हणते, एक गेल्या आणि एक घरातच बसले. दरवर्षी आरतीच्या वेळी बाईंना फोन लावून पाटाजवळ ठेवायचा, ही आमच्याकडे रीतच पडली. त्या पलीकडून ऐकत. आरती झाली की कोणाचा सूर कुठे पडला ते सांगत. अप्पा आता गुहागरहून दुसऱ्या फोनवर असत.

यंदा आरती झाली, आणि फोनमधून त्या म्हणाल्या, "छान." मग, "झाली." मग, "आरती."

माझ्या हातात प्रसादाचं ताट होतं. ते मी खाली ठेवलं.

"बाई," मी म्हणालो, "तुमच्या घरी कसं यायचं?"

पलीकडे त्या हसल्या. हसणं अर्ध्यात तुटलं. मी काय करतोय ते त्यांना कळलं होतं. तरी शहाण्या पेशंटसारखं त्यांनी उत्तर दिलं. "वसई... स्टेशन. पश्चिमेला. मग... गिरीज." थांबल्या. "मग..."

गिरीजनंतरचं भुईगाव आलंच नाही.

त्यांचा पुतण्या शेजारच्या केळीच्या वाडीत राहायचा. नंबर बायकोकडे होता. ती त्याला आपल्या फोनवरून सांगू लागली. मी बाईंना बसून राहायला सांगितलं, बोलत राहा म्हणालो. त्यांच्या छातीची शिट्टी फोनमधून स्पष्ट ऐकू येत होती. लांब, बारीक, ओढलेली.

मग ती थांबली.

मी काही बोलायच्या आत अस्मीने उठून एसी बंद केला. मग फ्रीज. घरात वीसेक माणसं, आरतीचं तबक कोणाच्या तरी हातात तसंच, कापूर जळून गेलेला. सगळे पाटावरच्या त्या फोनकडे बघत उभे. आतून काहीच येत नव्हतं. वर, बाईंच्या रिकाम्या बिऱ्हाडात, पाऊल वाजल्यासारखं वाटलं. सगळ्यांनीच वर पाहिलं, म्हणजे एकट्या मलाच वाटलं नव्हतं. मी पाटाशी वाकून मारुतीच्या पारापासून माझ्याच गावाची वाट मोठ्याने सांगायला लागलो. का, ते मला ठाऊक नाही. कोणीतरी बोलत राहायला हवं होतं.

मी घरापाशी पोचत आलो होतो तेव्हा पलीकडे दार आपटलं. पुतण्याची हाक, धावपळ, खुर्ची पडल्याचा आवाज. आणि मग एक श्वास. करवतीने ओलं लाकूड कापावं तसा. इतका भेसूर आवाज मी कधी ऐकला नव्हता, आणि माझे साडू तो ऐकून लहान मुलासारखे रडले.

मागच्या शुक्रवारी बाईंचा फोन आला. हॉस्पिटलातून घरी आल्या होत्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही. थेट स्टेशनपासून सुरुवात. गिरीज, भुईगाव, निर्मळचं तळं, रस्त्याच्या कडेचा दगडी क्रूस, केळीची वाडी, हिरवं फाटक. एका दमात नाही, पण वाक्य कुठेही न तोडता. मी डोळे मिटून ऐकलं.

"पुरे," मी म्हणालो. "छाती ठीक आहे."

त्या खूष झाल्या. मग मी, माझ्या सवयीने, त्या दिवशी इकडे काय काय झालं ते सगळं रंगवून सांगितलं. एसी, फ्रीज, तबक, साडूंचं रडणं. त्या मध्ये एक अक्षर बोलल्या नाहीत. मला वाटलं, फोन कटला. मग ओळखीची ती शांतता कानाला लागली, आणि मला कळलं की पलीकडे डोळे मिटलेले आहेत.

"तू आत्ता जिना चढून आलास का?" त्यांनी विचारलं.

मी केव्हाचा सोफ्यावर बसून होतो.

समोर बायको उभी होती. फोन स्पीकरवर होता. मी काही उत्तर द्यायच्या आत तिने गाडीची किल्ली उचलली.